मिडवेस्टमधल्या छोट्या शहराचा इतिहास कसा शोधावा: वस्ती, कारखाने आणि कागदपत्रे

ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन या पट्ट्यातले कुठलेही वीस-तीस हजार वस्तीचे शहर घ्या. तिथे एक संस्थापक सापडतो, एक मोठा कारखाना सापडतो आणि तो बंद पडल्याची हळहळ सापडते. नगरपालिकेच्या माहितीपत्रकात एवढेच असते. खरा इतिहास कागदांत विखुरलेला असतो. अमेरिकेत तो बराचसा फुकट पाहता येतो, पण कुठला कागद कशासाठी तयार झाला होता हे ठाऊक नसेल तर चुका हमखास होतात. जमीन विकण्यासाठी एक कागद, आगीचा विमा उतरवण्यासाठी दुसरा, शहराची जाहिरात करण्यासाठी तिसरा. जो ज्या कामासाठी लिहिला गेला, तेवढ्यापुरता त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

उदाहरणासाठी आयोवातले मिसिसिपीकाठचे मस्कटीन घेतले आहे. एकेकाळी हे गाव शिंपल्यांच्या बटणांसाठी जगभर ओळखले जाई. पद्धत मात्र कुठल्याही गावाला लागू पडते.

सुरुवात कारखान्यापासून करू नका, जमिनीपासून करा. कारखान्यापासून सुरुवात केली की शोध मालकाच्या घराण्याभोवती फिरत राहतो आणि कारखाना याच गावात का आला हा प्रश्न मागे पडतो.

जमिनीचा पत्ता वाचायला शिका

१७८५ च्या भूमी अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडची सार्वजनिक जमीन चौकोनांत मोजायचे ठरले आणि पुढे जवळजवळ सगळा मिडवेस्ट तसाच मोजला गेला. ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. १ ते ६ पश्चिमेकडे जातात, ६ च्या खाली ७ येतो, तिथून १२ पर्यंत पूर्वेकडे. शेतात नांगर फिरतो तशी ही ओळ वळत वळत आग्नेय कोपऱ्यातल्या ३६ वर संपते. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला असे. गावाबाहेर 'स्कूल सेक्शन' नावाचा रस्ता किंवा शेत भेटले तर कारण बहुधा हेच.

जमिनीचे वर्णन इंग्रजीत शेवटाकडून वाचावे लागते. मराठीत षष्ठी लावली की क्रम आपोआप सरळ होतो: सेक्शन ३५ च्या नैऋत्य चतुर्थांशाचा ईशान्य चतुर्थांश. सेक्शनचा चतुर्थांश १६० एकर, त्याचा चतुर्थांश ४० एकर. आकडे याहून वेगळे दिसले तर दोन कारणे तपासा. मोजणीतली कमी-जास्त टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांत ढकलली जाई. नदीकाठच्या वेड्यावाकड्या तुकड्यांना 'गव्हर्नमेंट लॉट' म्हणून वेगळे क्रमांक दिले जात. नदीवरची शहरे नेमकी अशाच लॉटांवर वसलेली असतात.

इथे नवख्यांची एक ठरलेली गफलत होते. 'टाउनशिप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मोजणीतला चौकोन, दुसरा काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारातला विभाग. दोघांच्या सीमा कधी जुळतात, कधी नाही. जनगणनेतली टाउनशिप दुसऱ्या अर्थाची असते. टिपणे काढताना सुरुवातीपासूनच 'मोजणी-टाउनशिप' आणि 'कारभारी टाउनशिप' असे वेगळे लिहा.

आता जमीन व्यवस्थापन विभागाच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, जनरल लँड ऑफिस नोंदींच्या संकेतस्थळावर जा. तिथे राज्य, काऊंटी, टाउनशिप, रेंज (टाउनशिपांची उत्तर-दक्षिण रांग) आणि मेरिडियन (मोजणीची मूळ उभी रेषा) भरले की सरकारकडून पहिल्यांदा कुणाच्या नावावर जमीन गेली ते पेटंट दिसते. आयोवासाठी पाचवे प्रिन्सिपल मेरिडियन निवडायचे. मेरिडियन चुकले तर तोच टाउनशिप क्रमांक दुसऱ्याच राज्यात नेऊन सोडतो.

पेटंट वाचताना तीन सापळे आहेत.

पहिला म्हणजे '२४ एप्रिल १८२०' ही तारीख. रोख विक्रीच्या हजारो पेटंटांवर ती दिसते आणि पुष्कळ जण ती खरेदीची तारीख समजतात. ती कायद्याची तारीख आहे. त्या कायद्याने उधारी बंद केली, एकरी दर १.२५ डॉलर केला आणि किमान खरेदी ८० एकरांवर आणली. १८३२ मध्ये ती मर्यादा ४० एकर झाली.

दुसरा सापळा पेटंटच्या स्वतःच्या तारखेचा. कागद वॉशिंग्टनहून सही होऊन यायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागे. माणूस गावात कधी आला याचा तो पुरावा नव्हे. तो आधीपासून तिथे राहत असेल, किंवा कधीच आला नसेल.

तिसरा सापळा सैनिकी वॉरंटांचा. मेक्सिकन युद्धानंतर सैनिकांना जमिनीची वॉरंटे, म्हणजे सरकारी जमीन घेण्याची हक्कपत्रे, मिळाली. त्यांतली असंख्य दलालांनी सवलतीत विकत घेतली. पेटंटवर दोन नावे असतात, वॉरंट मूळ ज्याचे तो सैनिक आणि जमीन घेणारा. सैनिकाला गावचा 'आद्य रहिवासी' ठरवून त्याची कहाणी रंगवलेली काऊंटीच्या इतिहासात सर्रास दिसते.

आणि होमस्टेडचा मोह आवरा. वसून जमीन कसणाऱ्याला ती जवळजवळ फुकट देणारा तो कायदा १८६२ चा. मिसिसिपीच्या काठची चांगली जमीन त्याआधीच विकली गेली होती. पूर्व आयोवातल्या शहराच्या इतिहासात 'होमस्टेडर' हा शब्द दिसला की लिहिणाऱ्याने कागद उघडलेले नाहीत असे समजायला हरकत नाही.

त्याच संकेतस्थळावर मोजणीचे मूळ नकाशे असतात, क्षेत्रटिपणे अनेकदा राज्याच्या अभिलेखागारात मिळतात. ती जरूर वाचा. मोजणीदार साखळीने मापत. एक साखळी ६६ फूट, ८० साखळ्यांचा एक मैल. ओढा कुठे ओलांडला, कोपऱ्याच्या खुणेसाठी कुठले झाड धरले, वाटेत कुणाचे शेत, कुणाची गिरणी किंवा पायवाट लागली, हे सगळे साखळ्यांत लिहिलेले असते. शहर वसण्यापूर्वीची जमीन कशी होती याचे इतके कोरडे आणि म्हणूनच इतके विश्वासू वर्णन दुसरे नाही.

'पहिला रहिवासी' या शब्दाआधी काय होते

१८७० आणि १८८० च्या दशकांत जवळजवळ प्रत्येक काऊंटीचे जाडजूड इतिहासग्रंथ छापले गेले. ज्यांनी वर्गणी भरली त्यांची चरित्रे आणि चित्रे आत. हे ग्रंथ उपयोगी आहेत, पण त्यांचा पहिला अध्याय बहुधा रिकाम्या जमिनीपासून सुरू होतो. जमीन रिकामी नव्हती.

प्रत्येक गावासाठी तहाची तारीख शोधा. ओहायोच्या मोठ्या भागासाठी १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह, उत्तर इलिनॉयसाठी १८३३ चा शिकागोचा. मस्कटीनची जमीन सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची. सॉक नेता ब्लॅक हॉक याच्या युद्धानंतर २१ सप्टेंबर १८३२ च्या तहाने मिसिसिपीच्या पश्चिम काठचा सुमारे ५० मैल रुंदीचा पट्टा त्यांच्याकडून घेतला गेला आणि १ जून १८३३ पासून तिथे गोऱ्यांच्या वस्तीला मोकळीक मिळाली. तहाचा मजकूर वाचा. कुणी सह्या केल्या, किती मोबदला ठरला, किती वर्षांत द्यायचा होता हे त्यात असते. गोष्ट तिथे संपवूही नका. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये आयोवातच टामा काऊंटीत स्वतः जमीन विकत घेतली आणि ते आजही तिथे आहेत.

मग एक साधे वजाबाकीचे गणित करा. वस्ती १८३३ पासून, पण आयोवातली पहिली सरकारी जमीनविक्री नोव्हेंबर १८३८ मध्ये, डब्यूक आणि बर्लिंग्टनला. मधल्या पाच वर्षांत तिथे राहणाऱ्या कुणाकडेच जमिनीचा कायदेशीर कागद नव्हता. लोकांनी 'क्लेम क्लब' काढले, आपापसात हद्दी नोंदवल्या, आणि लिलावात बाहेरच्याने बोली लावू नये म्हणून घोळक्याने उभे राहिले. त्यामुळे या काळातला माणूस पेटंटात शोधून सापडणार नाही. क्लबच्या वह्या, व्यापाऱ्यांची खाती, जुने दावे यांत तो सापडला तर सापडेल.

चार तारखा आणि बदललेले नाव

'शहराची स्थापना' ही एक तारीख नसते. वस्ती कधी झाली, प्लॅट म्हणजे रस्ते आणि भूखंडांचा आराखडा कधी नोंदवला, टपाल कचेरी कधी उघडली आणि नगरपालिका कधी झाली, या चार तारखा वेगळ्या लिहा. स्थानिक मंडळी त्यांतली सर्वांत जुनी उचलून शताब्दी साजरी करतात. प्लॅट काऊंटी रेकॉर्डरच्या कचेरीत मिळतो. तो पाहताना नदीकाठचा सार्वजनिक धक्का कुणाच्या नावे ठेवला आणि चौकासाठी जागा कुणी सोडली ते बघा. पुढे रेल्वे आली की भांडणे नेमकी तिथेच होतात.

मस्कटीनमध्ये १८३३ मध्ये कर्नल जॉर्ज डॅव्हनपोर्टच्या माणसांनी व्यापारी ठाणे टाकले. नगर म्हणून ते १८३९ मध्ये नोंदले गेले ते 'ब्लूमिंग्टन' या नावाने. मस्कटीन हे नाव १८४९ चे. म्हणजे १८४९ पूर्वीच्या वर्तमानपत्रांत, पत्रांत आणि नकाशांत 'मस्कटीन' शोधून शहर सापडायचे नाही. 'ब्लूमिंग्टन' शोधले तर इलिनॉय आणि इंडियानातली त्याच नावाची गावे अंगावर येतात. शोधताना सोबत 'आयोवा टेरिटरी' (टेरिटरी म्हणजे राज्य होण्यापूर्वीचा केंद्राच्या ताब्यातला प्रदेश) किंवा काऊंटीचे नाव घाला.

सत्ता कुणाची होती याचीही एक पट्टी करून भिंतीवर लावा. हाच भूभाग १८३४ पासून मिशिगन टेरिटरीत, १८३६ पासून विस्कॉन्सिन टेरिटरीत, ४ जुलै १८३८ पासून आयोवा टेरिटरीत आणि २८ डिसेंबर १८४६ पासून आयोवा राज्यात. काऊंट्याही फुटत गेल्या. १८३५ चा कागद आजच्या काऊंटीत नसेल, तर हरवला असे समजू नका. मूळ मोठ्या काऊंटीच्या ठिकाणी विचारा.

जनगणना: दोन वेगळे तक्ते

लोकसंख्येचा तक्ता सगळे वापरतात. १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे, १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे. १८८० पासून शहरांत रस्त्याचे नाव असते. १९१० पासून धंदा आणि उद्योग वेगवेगळ्या रकान्यांत येतात. कारखान्यांच्या गावासाठी हे सोन्यासारखे, कारण 'कटर' एवढ्या शब्दावरून काही कळत नाही. तो शिंपला कापतो, कापड की चामडे, हे शेजारच्या रकान्यात असते. १८८०, १९०० आणि १९१० मध्ये बेकारीचेही रकाने आहेत. ते सहसा कुणी मोजत नाही. तुम्ही मोजा.

जनगणनेचा दिवस पाहायला विसरू नका. १९०० मध्ये १ जून, १९१० मध्ये १५ एप्रिल, १९२० मध्ये १ जानेवारी. नदीतून शिंपले काढण्याचे काम उन्हाळ्याचे. ऐन थंडीतल्या १९२० च्या गणनेत शिंपले काढणारे कमी दिसले म्हणून धंदा बसला असा निष्कर्ष काढलात तर फसलात.

दुसरा तक्ता उद्योगांचा. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चार गणनांत वर्षाला ५०० डॉलरहून जास्त उत्पादन असलेल्या प्रत्येक कारखान्याची एक ओळ असे. मालकाचे नाव, भांडवल, कच्चा माल किती व किती किमतीचा, शक्ती पाण्याची की वाफेची की घोड्याची, पुरुष किती, बायका किती, मजुरी किती आणि तयार माल किती. १८८० मध्ये लाकूड गिरण्या, पिठाच्या गिरण्या, वीटभट्ट्या, चर्मकाम अशा काही धंद्यांना स्वतंत्र तक्ते दिले होते. म्हणून १८८० च्या सर्वसाधारण तक्त्यात लाकूड गिरणी न दिसल्यास ती बंद पडली असे लिहू नका, तिचा तक्ता वेगळा पाहा. भांडवलाचा आकडा सर्वांत कच्चा, कारण मालक कराच्या भीतीने तो कमी सांगत. कच्च्या मालाचा आणि कामगारांचा आकडा त्या मानाने बरा.

चारही वर्षांच्या ओळी एकाखाली एक मांडल्या की गावाची पहिली चाळीस वर्षे उलगडतात: आधी पीठ, मांस, पिंपे, वीट, गाड्या, मग लाकूड. मिसिसिपीवर विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या पांढऱ्या पाइनचे तराफे खाली वाहून येत आणि क्लिंटन, डॅव्हनपोर्ट, मस्कटीनच्या गिरण्यांत चिरले जात. त्या लाकडातून प्रेअरीवरची, म्हणजे गवताळ मैदानांवरची, घरे आणि कोठारे उभी राहिली. वर जंगल संपले तशा गिरण्या बंद पडल्या. नदीवरचा शेवटचा तराफा १९१५ चा.

१८९० नंतर मात्र खड्डा आहे. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. १८९० च्या लोकसंख्या-तक्त्यांचे तिथे अपरिमित नुकसान झाले, आणि उरलेलेही पुढे नष्ट करण्यात आले. १८९० पासूनच्या उद्योग-तक्त्यांच्या कारखानावार ओळीही हाती नाहीत. हा खड्डा राज्याच्या गणनांनी भरायचा. आयोवात १८८५, १८९५, १९०५, १९१५ आणि १९२५ च्या आहेत. १९२५ च्या गणनेत तर आईवडिलांची नावेही आहेत, स्थलांतर शोधणाऱ्याला याहून काय हवे. कारखान्यांसाठी राज्याच्या कामगार आकडेवारी विभागाचे अहवाल पाहा. आयोवात हा विभाग १८८४ मध्ये सुरू झाला.

विम्याचे नकाशे आणि डिरेक्टऱ्या

सॅनबॉर्न कंपनी १८६७ पासून आगीच्या विम्यासाठी शहरांचे नकाशे काढत होती. कागद २१ गुणिले २५ इंच, प्रमाण बहुधा एक इंचाला ५० फूट. सुमारे १२,००० गावांचे नकाशे निघाले आणि त्यांतले पुष्कळसे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत. गुलाबी रंग विटेचा, पिवळा लाकडी इमारतीचा, निळा दगडाचा, करडा लोखंडी पत्र्याचा. 'डी' म्हणजे राहते घर, 'एस' म्हणजे दुकान. कारखान्याच्या चित्राशेजारी बारीक अक्षरांत बॉयलर कुठे, इंधन काय, दिवे कसले, रात्री पहारेकरी आहे की नाही, हे लिहिलेले असते. कुठल्या खोलीत कुठले यंत्र होते हे कळण्याचा हा एकमेव मार्ग असतो.

काम असे करा. एक चौक, म्हणजे चार रस्त्यांमधला इमारतींचा ठोकळा, निवडा, उपलब्ध सगळ्या आवृत्त्यांतला तोच चौक छापून एका ओळीत लावा आणि इमारत-इमारत पुढे सरका. चौकाची निवड रेल्वेच्या फाट्यावरून करा, कारण फाटा सहसा हलत नाही. घरक्रमांकावरून मुळीच करू नका. बऱ्याच शहरांनी मध्येच घरांना नवे क्रमांक दिले. एकच घर १८९० ला एका क्रमांकाचे आणि १९१० ला दुसऱ्याच.

दोन इशारे. मायक्रोफिल्मवरून केलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत वीट आणि लाकूड सारखेच दिसते, रंगीत प्रत मिळेपर्यंत बांधकामाबद्दल लिहू नका. आणि कंपनी जुन्या नकाशावर दुरुस्तीचे तुकडे चिकटवत असे. मुखपृष्ठावर १९१२ असेल आणि चिकटवलेला तुकडा १९२८ चा. दुरुस्तीची नोंद आधी शोधा. शिवाय गावाच्या कडेची मजूर वस्ती बहुधा नकाशातच नसते. तिथे विमा उतरवणारे कुणी नव्हते.

शहर डिरेक्टरी म्हणजे घरोघर फिरून केलेली नावनिशी: नाव, धंदा, मालक, पत्ता. संक्षेपांची यादी पहिल्या पानांवर असते, ती आधी उतरवून घ्या. 'बीडीएस' म्हणजे पोटभाडेकरू, 'डब्ल्यूआयडी' म्हणजे विधवा, 'एलएबी' म्हणजे मजूर. कंसातला 'सी' कृष्णवर्णीय रहिवाशासाठी. त्या भेदानेच आज त्या कुटुंबांचा माग काढता येतो, हा इतिहासाचा विचित्र न्याय. सगळी डिरेक्टरी उतरवणे अशक्य असेल तर दर दहावे पान घ्या आणि दर पाच वर्षांनी घ्या. लाकूड गिरणीतले किती मजूर पुढे बटण कारखान्यात गेले, हा प्रश्न असा सुटतो: १८९० च्या सुमाराच्या डिरेक्टरीतली गिरणी कामगारांची शंभर नावे घ्या आणि दहा वर्षांनी शोधा. सापडली नाहीत तर ती मेली, गेली की नाव वेगळे लिहिले गेले, हे राज्याच्या गणनेत ताडा.

हा धंदा इथेच का

प्रत्येक उद्योगासाठी पाच गोष्टी लिहून काढा: कच्चा माल, वाहतूक, कौशल्य, भांडवल आणि कायदा. स्थानिक इतिहासात पाचवी हटकून गाळलेली असते.

मस्कटीनचा धंदा जॉन बोपल या जर्मन कारागिराच्या नावाशी जोडला जातो. हॅम्बुर्गजवळचा हा बटण-कातारी १८८७ मध्ये अमेरिकेत आला आणि १८९१ मध्ये त्याने मस्कटीनला काम सुरू केले. शिंपले नदीत आधीपासून होते, कौशल्य त्याच्याकडे आधीपासून होते. मग १८९१ च का? १८९० च्या मॅकिन्ले जकातीने आयात बटणांवर जबर कर बसला आणि इथे बटण कापणे परवडू लागले. बोपलचा पुतळा उभारा, पण जकातीचे कलमही शेजारी लावा.

प्रक्रिया समजून घेतल्याशिवाय कागद कळत नाहीत. दांडीला लोंबणारे बिनटोकाचे आकडे, म्हणजे हुक, नदीच्या तळावरून ओढत. उघडा शिंपला त्यांवर मिटला की वर येई. काठावर शिंपले वाफवून मांस काढत, आकाराप्रमाणे निवडत, कापण्याआधी पाण्यात भिजत ठेवत. कोरडा शिंपला तडकतो आणि धूळही जास्त उडते. मग नळीसारख्या करवतीने गोल चकत्या कापत, त्यांना 'ब्लँक' म्हणत. नंतर घासणे, भोके पाडणे, चकाकी, प्रतवारी आणि शेवटी पुठ्ठ्यावर शिवणे. बटणाचे माप 'लाइन' मध्ये, ४० लाइन म्हणजे एक इंच.

यातून तीन गोष्टी सुटतात. एक, नदीकाठच्या कित्येक छोट्या गावांत फक्त ब्लँक कापून मस्कटीनला पाठवत. उत्पादनाचे आकडे जोडताना तोच नग ब्लँक म्हणून एकदा आणि बटण म्हणून दुसऱ्यांदा मोजला जाण्याचा धोका असतो. १९०५ साली मस्कटीनने दीड अब्ज बटणे केली हा आकडा जागोजागी भेटतो. तो घेताना कशाची मोजणी आहे हे आधी विचारा. दोन, 'ग्रोस' म्हणजे १२ डझन, पण कापणाऱ्यांची तक्रार होती की मोबदला देताना १४ डझनांचा ग्रोस धरला जातो. मजुरीचे दर उतरवताना हे लक्षात असू द्या. तीन, पुठ्ठ्यावर बटणे शिवण्याचे काम बायका-मुले घरी करत. कारखान्याच्या हजेरीत ती माणसे नाहीत, जनगणनेत धंद्याचा रकाना कोरा आहे. कामगारांचा कुठलाही छापील आकडा म्हणून कमीच धरायचा.

१९११ मध्ये मस्कटीनच्या कारखान्यांनी टाळे लावले, बटण कामगारांची संघटना उभी राहिली आणि राज्यपालांनी फौज पाठवली. अशा संघर्षाचे वृत्त एकाच वर्तमानपत्रातून घेऊ नका. शहराचे दैनिक, शेजारच्या शहराचे दैनिक, कामगार संघटनेचे पत्र आणि न्यायालयाची नोंद, चारही ठेवा. पर्ल मॅकगिल ही तरुण बटण कामगार याच संघर्षातून पुढे आली आणि १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या गिरणी संपात गेली. छोट्या गावाचा धागा असा दूर जातो, तेव्हा दूरच्या वर्तमानपत्रांतही शोधा.

धंद्याचा शेवट शोधताना एकच खलनायक पकडू नका. शिंपल्यांच्या खाणी उपसून संपत आल्या. जवळच फेअरपोर्टला केंद्र सरकारने शिंपले वाढवण्याचे जीवशास्त्रीय केंद्रही उभारले होते. मग प्लास्टिकने उरलेले काम केले. बोपल १९१२ मध्ये गेला, नदीत शिंपल्याने पाय कापून झालेल्या जंतुसंसर्गाने.

तुलनेसाठी इंडियानाचा गॅस पट्टा बघा. १८८६ मध्ये तिथे नैसर्गिक वायूची लाट आली, गावांनी फुकट गॅस आणि जमीन देऊ करून काचेचे कारखाने ओढले. बफेलोचे बॉल बंधू अशाच देकारावर १८८७ मध्ये मन्सीला आले. मशालींत दिवसरात्र गॅस जाळून गावांनी तो थोड्याच वर्षांत संपवला. इथे कच्च्या मालाइतकेच महत्त्वाचे कागद म्हणजे नगरपालिकेचे ठराव आणि व्यापारी मंडळाची देणगी-यादी. कारखाना 'आला' असे लिहिलेले असेल तिथे त्याला कुणी किती देऊन आणले ते शोधा.

वर्तमानपत्रे, जर्मन आणि जवळचा काळ

लायब्ररी ऑफ काँग्रेसचे 'क्रॉनिकलिंग अमेरिका' आधी पाहा, मग राज्याच्या इतिहास संस्थेचे मायक्रोफिल्म. '५०० माणसांना काम मिळणार' ही बातमी घोषणा असते, नोंद नव्हे. दोन वर्षांनंतरच्या सॅनबॉर्न नकाशात ती इमारत उभी आहे का बघा. जुन्या छपाईचे यंत्रवाचन चुकते, म्हणून आडनावाची चार-पाच रूपे करून शोधा. जर्मन पत्रे फ्राक्टुर लिपीत असतात आणि यंत्र त्यांतला लांब 'एस' हमखास 'एफ' वाचते.

आयोवात मे १९१८ मध्ये राज्यपाल हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी इंग्रजीशिवाय अन्य भाषा वापरायला बंदी केली. त्या सुमारास चर्चच्या वह्या जर्मनमधून अचानक इंग्रजीत गेलेल्या दिसल्या तर समाज संपला असे समजू नका.

कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास न्यायालयात शोधा. मस्कटीनच्या अलेक्झांडर क्लार्क यांनी मुलगी सुझनच्या शाळाप्रवेशासाठी केलेला दावा आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये त्यांच्या बाजूने दिला, शाळांतला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या ८६ वर्षे आधी. निकालपत्रात शाळेची, वस्तीची, रंगभेदाची जी माहिती आहे ती गावाच्या कुठल्याही जुन्या ग्रंथात मिळत नाही.

अलीकडच्या काळासाठी कागद वेगळे. १९८८ च्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगारांच्या मालकाला मोठी कपात किंवा टाळे लावण्यापूर्वी सहसा ६० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि अनेक राज्ये या सूचनांच्या याद्या प्रसिद्ध करतात. काम परदेशी गेल्याने बेकार झालेल्यांना मदत मिळावी म्हणून १९७४ च्या व्यापार कायद्याखाली केलेले अर्ज श्रम खात्याकडे आहेत. त्यांत कारखाना, माल आणि ठिकाण असते. इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा मेटॅग फ्रिज कारखाना २००४ मध्ये आणि आयोवातल्या न्यूटनचा मेटॅग कारखाना २००७ मध्ये बंद झाला. अशा गावांत माणसे अजून आहेत, त्यांना भेटा. पण बोलण्याआधी डिरेक्टरी आणि नकाशा सोबत घ्या. 'तुम्हाला काय आठवते' यापेक्षा 'या फाटकातून आत गेल्यावर डावीकडे काय होते' या प्रश्नाला दसपट उत्तर मिळते.

शेवटी नकाशा हातात घेऊन चाला. बंद फाट्याचा तिरपा कापलेला भूखंड, विटेच्या भिंतीत बुजवलेली खिडकी, पुसट झालेली रंगीत जाहिरात, दारावरची साल कोरलेली शिळा, प्रत्येकीचा फोटो चौकाच्या क्रमांकासह ठेवा. मस्कटीनला शिंपल्यांचा कचरा भरावासाठीही वापरला गेला. पाणी उतरले की नदीकाठी गोल भोके पडलेले शिंपले आजही हाताला लागतात. भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि ०.६३५ ने भागा, म्हणजे ब्लँक साधारण किती लाइनचा होता ते कळेल.